क्रिल, पेंग्विन आणि नाथसागर: मोजणी प्रकल्पाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, छत्रपती संभाजीनगर

प्रकल्पाचा प्रश्न आज पक्का केला. दक्षिण महासागरातल्या क्रिलचा (कोळंबीसारखा दिसणारा छोटा जीव, पेंग्विनचं खाद्य) किंवा पेंग्विनचा आकडा बदललेला दिसला, तर बदल समुद्रात झाला की मोजण्यात?

काम तीन भागांत आहे. जाळ्यात सापडलेल्या क्रिलच्या खुल्या नोंदी तपासायच्या. पेंग्विनच्या वसाहतींवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांत घरटी आणि पिल्लं मोजायची. आणि हात बसावा म्हणून पैठणला नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, प्राणिप्लवकाचं (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं) जाळं ओढायचं, काठावरचे पक्षी मोजायचे. नाथसागर गोड्या पाण्याचा, तिथे क्रिल नाही. पण जाळ्यातून किती पाणी गेलं, त्यात किती जीव आले, ते खाणारे किती, ही गणितं दोन्हीकडे सारखीच. अंटार्क्टिकाच्या नोंदी मराठवाड्यात बसून मिळतात. त्या नीट वाचणारे लोक मात्र हवेत.

नव्याने येणाऱ्यांसाठी प्राथमिक माहिती: अंटार्क्टिक क्रिल म्हणजे युफॉसिया सुपर्बा. लांबी सुमारे ६ सेंमीपर्यंत, वजन २ ग्रॅमपर्यंत, आयुष्य ५ ते ७ वर्षं. एकूण साठ्याचा वारंवार दिला जाणारा अंदाज ३७.९ कोटी टन. भित्तिपत्रकावरचं ‘क्रिल म्हणजे जवळा’ हे वाक्य काढून टाकलं. सुकटीतला जवळा हा असेटिस, त्याचा गट वेगळा. क्रिलचे कल्ले कवचाखाली उघडे दिसतात, कोळंबी-जवळ्याचे झाकलेले असतात. ओळखायला ही खूण पुरते.

५ नोव्हेंबर

लांबी मोजण्याचा सराव. खरा क्रिल हाती नाही, म्हणून आठवडी बाजारातून पाव किलो सुकट आणली. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की नग लवचिक होतात. त्याहून जास्त भिजवली तर डोकं सुटून येतं. शेपटीचा मधला काटा, म्हणजे टेल्सन, तुटलेले नग बाजूला काढले. वाळताना अंग आक्रसतं, त्यामुळे या लांबीला जीवशास्त्रीय अर्थ नाही. तपासायची आहे ती मोजणाऱ्यांची एकवाक्यता.

क्रिलची लांबी बऱ्याच मोहिमांत डोळ्याच्या पुढच्या कडेपासून टेल्सनच्या टोकापर्यंत घेतात आणि खालच्या पूर्ण मिलिमीटरला लिहितात. ४३.८ आली तरी नोंद ४३. काही ठिकाणी मात्र डोळ्याऐवजी पुढच्या काट्याच्या, म्हणजे रोस्ट्रमच्या, टोकापासून मोजतात. दोन्ही रकान्यांना नाव एकच: ‘लांबी’. घोटाळा इथून सुरू होतो. वजन साधारण लांबीच्या घनात वाढतं. ४० मिमीचा क्रिल ४२ लिहिला गेला तर त्याचं हिशेबी वजन सुमारे १६ टक्क्यांनी फुगतं. नुसतं ‘खालच्या मिमीला’ आणि ‘जवळच्या मिमीला’ यांतला फरकही सरासरीत अर्धा मिमी पडतो. ४० मिमीला तो वजनात ४ टक्क्यांच्या आसपास जातो.

सरावात काय चुकलं: कॅलिपरच्या जबड्यात नग दाबला जातो आणि लांबी कमी येते. वाकलेला नग बोटाने ताणून सरळ केला की पोटाचे सांधे उघडतात आणि लांबी जास्त येते. काचेच्या पट्टीखाली आलेखाचा कागद ठेवून, नग काचेवर आडवा टाकून, वरून सरळ बघत मोजलं तेव्हा तिघांची मापं सर्वांत जवळ आली. हीच रीत कायम केली. नोंदवहीत ‘कुठपासून कुठपर्यंत’ आणि ‘कसं पूर्णांकित केलं’ असे दोन वेगळे रकाने.

९ नोव्हेंबर

क्रिलबेस हा खुला नोंदसंग्रह उतरवून घेतला. १९२६ ते २०१६ या काळातल्या १५,००० हून जास्त ओढी, म्हणजे जाळं ओढण्याच्या खेपा. क्रिलबरोबर साल्प या पारदर्शक, जेलीसारख्या जीवांचेही आकडे. सुरुवातीचा मोठा भाग १९३९ पर्यंतचा. मग दीर्घ खंड, आणि सलग म्हणावा असा भाग १९७६ पासून पुढे.

संग्रह करणाऱ्यांनी क्रिलच्या घनतेचे दोन रकाने दिले आहेत. एक, ओढीत आलेला आकडा एका चौरस मीटर पृष्ठभागाखाली किती, या रूपात. दुसरा प्रमाणित: हीच ओढ ८ चौरस मीटर तोंडाच्या जाळ्याने, ० ते २०० मीटर खोलीत, रात्री, १ जानेवारीला झाली असती तर आकडा किती आला असता. छोट्या तोंडाच्या जाळ्यातून क्रिल निसटतात. दिवसा त्यांना जाळं दिसतं आणि ते बाजूला होतात. ऋतू पुढे सरकतो तसे मरतात, खाल्ले जातात. हे सगळं सुधारणेत धरलेलं आहे.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या आलेखात दोन्ही रकाने एकाच रेषेत मिसळले होते. नव्याने काढायला लावला.

दुसरी चूक जास्त गंभीर. शून्य आलेल्या ओढी ‘माहिती नाही’ समजून गाळल्या होत्या. क्रिल थव्यांनी राहतो. बहुतेक ओढींत थोडे किंवा शून्य, आणि एखादी ओढ थव्यातून गेली की हजारो. शून्यं गाळली तर सरासरी आकाशाला भिडते. रिकामी चौकट आणि शून्य यांत फरक आहे: रिकामी म्हणजे जाळं टाकलंच नाही, शून्य म्हणजे टाकलं आणि मिळालं नाही. आता प्रत्येक वर्षासाठी तीन आकडे काढतो: सरासरी, मध्यक, आणि शून्य ओढींचं प्रमाण.

ओढींच्या जागाही बदलत गेल्या आहेत. २००४ मधल्या एका विश्लेषणात नैऋत्य अटलांटिक भागात १९७० च्या दशकापासून क्रिल मोठ्या प्रमाणात घटल्याचं दिसलं. २०१८ मधल्या दुसऱ्या विश्लेषणाला, जवळपास त्याच नोंदींतून, तशी घट दिसली नाही. कोणत्या ओढी घ्यायच्या, कोणत्या सोडायच्या, जाळ्यांतला फरक कसा भरून काढायचा, वाद यावर आहे. म्हणून विद्यार्थ्यांना सांगितलं आहे की गाळणीचे नियम आधी कागदावर लिहा, तारीख टाका, मगच आलेख काढा.

१६ नोव्हेंबर, पैठण

नाथसागरावर पहिली ओढ. हा परिसर पक्षी अभयारण्य असल्याने वनविभागाची लेखी परवानगी आधी घेतली. होडी भोई मंडळींची, मोटार बंद ठेवून वल्ह्यांवर.

साहित्य: तोंड ३० सेंमी, लांबी १ मीटर, जाळी ६० मायक्रॉनची, तळाला २५० मिलीची बाटली, तोंडाच्या मध्यापासून थोडा बाजूला बांधलेला फ्लोमीटर (आतून किती पाणी गेलं ते पात्याच्या फेऱ्यांवरून मोजणारं यंत्र), २५ मीटर दोरी, दर मीटरला रंगीत गाठ. तोंडाचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर. २० मीटर ओढलं तर १.४१ घनमीटर, म्हणजे सुमारे १,४१० लिटर पाणी जाळ्यातून जायला हवं.

हवं, पण गेलं नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर काठाजवळच्या पाण्यात बारीक गाळ अजून तरंगतो आहे, वर हिरवं शेवाळ. जाळीची छिद्रं बुजली आणि जाळं बादलीसारखं पाणी पुढे ढकलू लागलं. फ्लोमीटरचे फेरे सुरुवातीला वेगाने पडले, नंतर मंदावले. दोरीच्या लांबीवरून काढलेलं आकारमान धरलं असतं तर प्लवक खरं होतं त्याहून विरळ दिसलं असतं. नियम ठरवला: फ्लोमीटरने मोजलेलं पाणी दोरीच्या हिशेबाच्या ८५ टक्क्यांहून कमी भरलं तर ती ओढ रद्द. २० मीटरऐवजी १० मीटरच्या दोन ओढी, मध्ये जाळं धुऊन. धुताना पाणी बाहेरून मारायचं, म्हणजे चिकटलेले जीव बाटलीत उतरतात. आतून मारलं तर बारीक जीव छिद्रांतून निघून जातात.

फ्लोमीटर जाळ्यात बांधण्याआधी मोकळ्या पाण्यात १० मीटर तीनदा ओढून फेऱ्यांचा गुणक काढायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेवढ्यासाठीच टाळलं जातं. पात्यात शेवाळाचा एक धागा अडकला तरी गुणक बिघडतो, म्हणून परतताना पुन्हा एकदा.

जतन: ९० मिली नमुन्यात १० मिली बाजारी फॉर्मॅलिन, म्हणजे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड. चिमूटभर टाकणखार घालायचा, नाहीतर आम्लाने कवचं खराब होतात. हातमोजे, उघडी हवा, आणि गाडीत बाटल्या उभ्या.

मोजणी १ मिलीच्या सेजविक-राफ्टर पेटीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या मोजणीच्या काचपेटीत. समजा पाच पेट्यांची सरासरी ४८ आली आणि नमुना १०० मिली आहे, तर एकूण ४,८००. १,४१० लिटरने भागलं की लिटरला ३.४. पेटी भरण्याआधी बाटली हळूच उलटीपालटी करायची. हलवून फेस आणला तर डॅफ्निया या बारीक प्लवकजीवाच्या कवचात हवा शिरते, तो पृष्ठभागावर तरंगतो आणि मोजणीतून सुटतो.

क्रिलच्या जाळ्यातही हाच तोल. आरएमटी-८ या जाळ्याची वीण ४.५ मिमीची, पाणी मोकळं जातं, पण अळ्या निसटतात. त्यांच्यासाठी शेजारी बारीक विणीचं छोटं जाळं जोडतात. एकाच जाळ्याने सगळ्या वयांचं मोजमाप होत नाही.

२३ नोव्हेंबर

ध्वनिमापनाचा अभ्यास. हा भाग आमच्या हाताबाहेरचा, पण साठ्याचे मोठे आकडे इथूनच येतात.

जहाजाच्या तळातून ३८, १२० आणि २०० किलोहर्ट्झच्या लहरी खाली सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतात. क्रिलला वायूची पिशवी नाही. अंग लहान, पाण्याच्या जवळपास घनतेचं. म्हणून ३८ ला तो मंद ‘ऐकू’ येतो आणि १२० ला जास्त. जुन्या पद्धतीत १२० वजा ३८ हा फरक २ ते १६ डेसिबल आला की क्रिल धरत. पुढे जाळ्यात सापडलेल्या क्रिलच्या लांबीप्रमाणे ही चौकट बदलू लागले. म्हणजे ध्वनीचं उत्तरही शेवटी ५ तारखेच्या त्या मोजपट्टीवर येऊन टेकतं.

उपकरण जुळवायला टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिमी व्यासाचा गोळा तीन दोऱ्यांवर जहाजाखाली टांगतात. त्याचा प्रतिध्वनी आधीच माहीत असतो. जुळणीत १ डेसिबलची चूक राहिली तर साठा २६ टक्क्यांनी चुकतो, ३ डेसिबलला जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा. शिवाय जहाजाच्या तळाच्या वरचं पाणी यंत्राला दिसत नाही. रात्री क्रिल वर येतो आणि त्या आंधळ्या पट्ट्यात शिरतो, म्हणून ध्वनीची रेघ दिवसा आखतात. जाळं मात्र रात्री चांगलं धरतं. दोन्ही आकडे शेजारी मांडताना ही वेळ विसरली जाते.

आता मुख्य उदाहरण, ज्यासाठी हा दिवस राखला होता. २००० साली अटलांटिककडच्या क्षेत्र ४८ मध्ये अनेक देशांच्या जहाजांनी मिळून पाहणी केली. पहिला अंदाज ४.४३ कोटी टन. पुढे प्रतिध्वनीचं गणित सुधारलं, तो ३.७३ कोटी झाला. पुन्हा दुरुस्ती झाली, ६.०३ कोटी. प्रतिध्वनी तेच, समुद्र तोच, साल तेच. २०१९ च्या पाहणीत ६.२६ कोटी आले. कोणी २००० चा पहिला आकडा आणि २०१९ चा आकडा जोडून रेघ मारली तर क्रिल चाळीस टक्क्यांनी वाढल्याचं ‘दिसेल’. फळ्यावर ही चुकीची रेघ मुद्दाम काढून ठेवली आहे. पुसायची नाही.

३० नोव्हेंबर

क्रिलच्या पकडीवरच्या मर्यादांचा हिशेब, थोडक्यात. मासेमारीचे नियम कॅमलार हा अंटार्क्टिक सागरी जीवांच्या संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय आयोग ठरवतो. करार १९८० चा, अंमल १९८२ पासून, कार्यालय होबार्टला, भारत सदस्य. क्षेत्र ४८ ची सावध मर्यादा ५६.१ लाख टन. ती ६.०३ कोटींच्या ९.३ टक्के, कॅल्क्युलेटरवर जुळते. प्रत्यक्षात ६.२ लाख टनांवर थांबायचं असतं. हा आकडा साठ्यावरून काढलेला नाही, आधीच्या सर्वाधिक पकडींवरून आला आहे. तो उपक्षेत्रांत २५, ४५, ४५ आणि १५ टक्के असा वाटलेला होता. बेरीज १३० येते ती चूक नव्हे, जहाजांना जागा निवडायची मोकळीक. ही वाटणी २०२४ मध्ये संपली आणि नवी ठरली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एकूण मर्यादा गाठली गेल्याने हंगाम आधीच बंद झाला. वाटणी नसताना पकड एकाच किनाऱ्यालगत साचू शकते, आणि पिल्लांना भरवणारा पेंग्विन फार लांब जाऊ शकत नाही. आम्हाला यातली काळजीची गोष्ट हीच वाटते.

७ डिसेंबर

पेंग्विनची छायाचित्रं. पेंग्विन वॉच या नागरिक-विज्ञान उपक्रमात स्थिर कॅमेऱ्यांची छायाचित्रं लोक बघतात आणि प्रौढ, पिल्लू, अंडं यांवर खूण करतात. एकच छायाचित्र अनेकांकडे जातं. आमच्या मोजणीचे नियम त्याच धर्तीवर:

पडद्यावर चौकटींची जाळी टाकायची. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. डोकं दिसलं तरच पक्षी. चौकटीच्या रेषेवर असेल तर डाव्या चौकटीत. दोघांनी एकमेकांचं न बघता मोजायचं, १० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसऱ्याने. ४० मिनिटांनी उठायचं. त्यानंतर पिल्लं सुटू लागतात, हे एकच छायाचित्र सुरुवातीला आणि शेवटी देऊन तपासलं.

काय बिघडतं: भिंगावर बर्फ बसतो आणि कडेची घरटी नाहीशी होतात. वाऱ्याने कॅमेरा किंचित कलतो. म्हणून प्रत्येक छायाचित्रात दिसणारे तीन खडक ठरवून त्यांची जागा जुळवायची, जुळली नाही तर त्या तारखेपासून नवी मालिका समजायची. घड्याळ कोणत्या वेळेवर लावलं आहे हे तपासल्याशिवाय ‘सकाळी-संध्याकाळी’ असे शब्द वापरायचे नाहीत. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि एका विद्यार्थ्याच्या संगणकाने सगळ्या वेळा आपणहून बदलून ठेवल्या होत्या.

कॅमेरा वसाहतीचा एक तुकडाच बघतो. त्यावरून पिल्लं किती जगली हे कळतं, वसाहत केवढी हे नाही.

काय मोजलं तेही लिहावं लागतं. घरटी, पिल्लं आणि प्रौढ यांचे आकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अंडी उबवताना एक जोडीदार घरट्यावर आणि दुसरा समुद्रात असतो, म्हणून तेव्हा प्रौढ आणि घरटी जवळपास सारखी येतात. पाळी बदलताना दोघं असतात आणि आकडा फुगतो. जुन्या नोंदींत अचूकतेची श्रेणी असते: १ म्हणजे ५ टक्क्यांच्या आत, ५ म्हणजे नुसता ‘शेकडो की हजारो’ एवढाच अंदाज. श्रेणी ५ चा आकडा आलेखात पोकळ ठिपक्याने.

१४ डिसेंबर, पैठण

काठावरच्या पक्ष्यांची मोजणी, दुर्बिणीने, ठरलेल्या चार जागांवरून, सूर्य पाठीशी ठेवून. थापट्या बदक आणि रोहित (फ्लेमिंगो) यांच्यावर भर, कारण दोघांच्याही चोचीत पाणी गाळायची सोय आहे. पाणकावळे वेगळ्या रकान्यात.

आकडे कमी आले. यंदा धरण तुडुंब आहे. एरवी पाणी उतरलं की उघडा पडणारा चिखलाचा पट्टा, ज्यावर पुढे गाळपेर होते, तो अजून पाण्याखाली आहे. उथळ जागा नाही म्हणून पक्षी पांगलेत, किंवा फुगवट्याच्या दूरच्या टोकांना गेलेत. पाणी कमी असलेल्या वर्षी हेच पक्षी चार जागांसमोर दाटतात आणि आकडा मोठा येतो. म्हणून नोंदवहीत पक्ष्यांच्या आधी त्या दिवसाची धरणाची पाणीपातळी लिहायची. ती रोज जाहीर होते.

दक्षिणेत समुद्र-बर्फ हेच करतो. क्रिल एकूण कमी असला तरी उरलेले थवे एखाद्या वसाहतीच्या जवळ आले तर तिथली पिल्लं धष्टपुष्ट दिसतात. एका वसाहतीवरून महासागराचा अंदाज बांधू नये.

४ जानेवारी २०२६

दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या फर सीलच्या विष्ठेतून क्रिलची लांबी काढण्याची पद्धत वाचली. विष्ठा पाण्यात सैल करून चाळतात, अखंड शिरोकवचं वेचतात, कवचाच्या लांबीवरून पूर्ण लांबी काढतात. नर आणि मादीच्या कवचाचं प्रमाण वेगळं असल्याने दोघांना एकच सूत्र लावलं की उत्तर सरकतं. विष्ठेत माशांचे कर्णखडेही मिळतात. ते जास्त दिसले तर क्रिल दुर्मीळ असण्याची ती खूण असू शकते.

सील जाळ्यापेक्षा जास्त दिवस आणि जास्त पाण्यात ‘नमुना’ घेतो, पण निवडून खातो. जाळं निवडत नाही, पण त्याला क्रिल चुकवतो. दोघांचे आलेख एकाच पानावर, वेगळ्या रंगांत, सरासरी न काढता.

आणखी एक सूचना नोंदवतो. लांबीवरून वय ठरवताना सावध राहावं. क्रिल आयुष्यभर कात टाकतो आणि उपाशी राहिला तर आक्रसून लहान होतो.

१८ जानेवारी

कॅमलारच्या परिसंस्था निरीक्षण कार्यक्रमातले निकष आणि ते कोणत्या काळाबद्दल बोलतात, याची जुळणी केली. पेंग्विन वसाहतीवर येतो तेव्हाचं वजन सरत्या हिवाळ्याबद्दल आणि विस्तीर्ण पाण्याबद्दल सांगतं. पिल्लांना भरवण्याच्या काळातली समुद्रफेरी किती लांबली, हे त्या आठवड्यांबद्दल आणि वसाहतीजवळच्या पाण्याबद्दल. निघतानाचं पिल्लाचं वजन साऱ्या उन्हाळ्याची गोळाबेरीज. घरट्यांची संख्या अनेक वर्षांमागच्या जगण्या-मरण्याची. विद्यार्थ्यांनी त्याच वर्षाचा क्रिल आणि त्याच वर्षाची घरटी जोडून ‘संबंध नाही’ असं लिहिलं होतं. जोडीच चुकली होती.

संबंध सरळ रेषेचाही नसतो. क्रिल मुबलक असताना थोडा घटला तर पिल्लांवर काही दिसत नाही. एका पातळीखाली गेला की एकदम कोसळतं. दक्षिण जॉर्जियाला १९८३-८४, १९९०-९१ आणि १९९३-९४ असे टंचाईचे हंगाम येऊन गेले. सरळ रेघ बसवली की नेमके हेच बिंदू ‘बाहेरचे’ म्हणून फेकले जातात. ते फेकायचे नाहीत.

१ फेब्रुवारी

कारणांचा रकाना वाढवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाजवळ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर घातक बर्ड फ्लू आढळला. त्यानंतरच्या हंगामात पक्षी किंवा सील घटले तर थेट क्रिलकडे बोट दाखवता येत नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर अॅडेली जातीचे पेंग्विन घटले तिथे जेंटू जातीचे वाढलेत, आणि जेंटू मासेही बऱ्यापैकी खातो. म्हणून ‘पेंग्विन’ असा एकत्र रकाना रद्द, जातवार नोंद.

१५ फेब्रुवारी

अॅडेलीची पिल्लं आता समुद्राकडे निघालेली असतात. त्याआधीच्या आठवड्यांतल्या छायाचित्रांत पिल्लं एकमेकांना चिकटून पाळणाघरासारखी उभी राहतात, मागची झाकली जातात. म्हणून दिवसातल्या सर्व छायाचित्रांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा की सरासरी, यावर चर्चा झाली. मोठा आकडा ठेवला, पण किती छायाचित्रांतून निवडला तेही लिहायचं. जास्त छायाचित्रं म्हणजे मोठा आकडा सापडायची संधी जास्त.

उरलेली कामं: सुकटीची मापं नव्या तुकडीकडून पुन्हा, त्याच काचेवर. फ्लोमीटरचा गुणक मार्चमध्ये, पाणी निवळल्यावर. धरणाच्या पातळीचा रकाना नोव्हेंबरपासून मागे जाऊन भरणं. १६ नोव्हेंबरच्या रद्द ओढीची बाटली फेकायची नाही. तिच्यावर ‘रद्द: जाळी बुजली’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे.